महाराजांना आधीच दिसणारी पार्सलं

आठवू नये म्हटलं तरी ती घटना आठवते, आणि आठवली की आजही अंगावर काटा येतो. नोकरीत मी प्रेतं पाहिली, दंगली पाहिल्या. पण एकाच्या तोंडून दुसऱ्याचाच आवाज यावा, हे तेवढं एकदाच ऐकलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुणतांब्याकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि एक शेतकरी बाई समोर येऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेना.

"सायेब, माझ्या आईनं अन्न सोडलंय. बीपीची गोळी बी घेत न्हाई. महाराज म्हनले, पोरगा अमेरिकेतनं सुखरूप यायचा आसंल तर निसत्या दुधावर ऱ्हा. लई वाळली वो. डोळ्यांदेखत मरंल ती."

"मग महाराजांचा नाद सोडा म्हणावं."

"कशी सोडंल? त्यान्ला समदं दिसतं!"

नदीकाठच्या मठात दर गुरुवारी हे महाराज डोळे मिटायचे आणि परगावच्या लेकरांच्या आवाजात बोलायचे. तुझ्या पोरानं जांभळी साडी धाडलीय म्हणाले, तर आठवड्याभरात जांभळीच साडी आली. सोबतच्या चिठ्ठीतलं वाक्यही शब्दाला शब्द तेच. म्हातारीने हातातल्या पाटल्या काढून मठात वाहिल्या.

"भाऊ वस्तू पाठवतो कशा?" मी विचारलं.

"नगरात एक दुकान हाय. त्यो तिकडनं कम्प्युटरवर सांगतो, दुकानवाले हितं पोचवत्यात. एकदा मित्रासंगं घड्याळ धाडलं हुतं, तवा मातुर महाराज काय बोलले न्हाईत."

इथे मी कान टवकारले. दुकानातली साडी ज्या देवाला दिसते, त्याला मित्राच्या पिशवीतलं घड्याळ दिसू नये? स्टेशन डायरीत नोंद केली आणि नगर गाठलं.

दुकानदार सज्जन होता. त्याने वेबसाईट बनवणाऱ्या इंजिनियरलाच बोलावून घेतलं. तो म्हणाला, पान झटकन उघडावं म्हणून संगणक प्रत्येक ऑर्डरच्या पानाची तयार प्रत एका फोल्डरमध्ये ठेवतो, त्याला कॅशे म्हणतात.

"ते फोल्डर बाहेरच्या माणसाला उघडता येतं?"

"छे हो! त्याचं नाव कुणाला माहीत असणार?"

"नावाचं राहू दे. कुलूप आहे का ते सांग."

मोडेम किरकिरला. त्याने दुकानाच्या वेबसाईटच्या पत्त्यापुढे फोल्डरचं नाव टाइप केलं. पासवर्ड वगैरे कुणी विचारला नाही. पडद्यावर एकाखाली एक पानं उघडत गेली. कुणाची आई, कुणाचे वडील, घरचे पत्ते, आणि लेकरांनी मनातलं लिहिलेलं. जणू घरातली पेटी रस्त्यावरच्या ओट्यावर ठेवून मालक आत निजला होता. इंजिनियरचा चेहरा खर्रकन उतरला.

"आत्ता हलवतो, साहेब."

"थांब. अजून बोट लावू नकोस."

मला मूलबाळ नाही. तरी मी परदेशातल्या एका खोट्या मुलाच्या नावाने ऑर्डर टाकायला लावली, बापासाठी मफलर. सोबतचं वाक्य मीच लिहिलं. मग गुरुवारी साध्या वेशात, ऑर्डरीतल्या बापाचंच नाव सांगून मठात बसलो. भर दुपार होती, पण आत धुपाने अंधारलं होतं आणि एवढ्या माणसांत कुणी खोकतसुद्धा नव्हतं. महाराजांनी माझ्याकडे पाहून डोळे मिटले. मान हळूहळू कलली. त्या आडदांड देहातून कोवळा, लांबून आल्यासारखा आवाज निघाला.

"बाबा, पहाटे फिरायला जाताना कान झाकत जा."

अहो, ते वाक्य माझंच होतं! मुलगा खोटा, बाप खोटा. तरी मी नकळत पुढे सरकलो. वाटलं, याने अजून थोडं बोलावं. मी घाबरलो तो तेव्हा, आणि स्वतःलाच.

मठात एक शिष्य होता, बाहेर कम्प्युटर क्लास चालवणारा. त्याला ठाण्यात आणला, चहा दिला आणि गप्प बसून राहिलो. खोटं बोलणाऱ्याला दरडावणं सोसतं, शांतता सोसत नाही. बराच वेळ त्याचं गुरुकृपा, गुरुकृपा चाललं होतं.

मी म्हटलं, "परवा ज्याला मुलाचा निरोप मिळाला तो बाप मी. मला मुलगाच नाही. गुरुकृपेनं आणला कुठून?"

गडी घडाघडा बोलायला लागला. चाळा म्हणून वेबसाईटच्या पत्त्यापुढे नावं टाकून बघताना फोल्डर सापडलं, गुरुवारच्या आधी पानं वाचून तो महाराजांना पढवायचा.

तेव्हा सायबर कायदा नव्हता, पण फसवणुकीचं कलम होतंच. महाराजांना लगेच उचलता आलं असतं. मात्र साधूला पोलिसांनी छळलं म्हणून म्हातारीने दूधही सोडलं असतं. म्हणून आधी इंजिनियरला ते फोल्डर वेबसाईटच्या उघड्या भागाबाहेर हलवायला लावलं. दुकानाचा प्रोग्रॅम तिथे पोचेल, पत्ता टाइप करणारा पोचणार नाही अशा जागी. मग त्या बाईच्या भावाला नवी ऑर्डर टाकायला सांगितलं. माझ्या सांगण्यावरून शिष्याने गुरूला एवढंच कळवलं की या खेपेला काही सापडत नाही.

गुरुवारी म्हातारी मठात बसली. मी मागे होतो. महाराजांनी डोळे मिटले. मान कलली, सरळ झाली, पुन्हा कलली. मग "हिरवी साडी" म्हणाले, ते स्वतःच्याच घोगऱ्या आवाजात.

म्हातारी उठून उभी राहिली. "आज माझा पोरगा बोलंना! त्याचं काय बरंवाईट तर न्हाई ना झालं?"

तिला धरून घरी नेलं. पार्सल येऊन पडलं होतं. आत मऊ चपला निघाल्या. लेकीने चिठ्ठी वाचली, "आई, टाचांना भेगा पडल्यात ना? या घालून बघ."

म्हातारीने ते पुन्हा वाचायला लावलं. चपला छातीशी धरून ती हमसाहमशी रडली.

"ह्ये कुनी आदी सांगितलं न्हाई गं. ह्ये त्यानं मलाच सांगितलं." मग लेकीला म्हणाली, "तवा टाक चुलीवर."

महाराजांना त्याच संध्याकाळी अटक केली, पाटल्या पंचनाम्यात आल्या. अशा बायांना लोक अडाणी म्हणतात. मी कधी म्हटलं नाही. दूरच्या लेकराच्या एका शब्दासाठी माणूस कुणाच्याही पाया पडतो. तो शब्द वाटेत कुणी फोडू नये, एवढी राखण करणं हेही पोलिसाचंच काम आहे, हे मला त्या घरात कळलं.