गिरीशचं रिव्हॉल्वर आणि बाबांचं पान

गिरीश दामले साधा टोस्टर घ्यायचा तरी महिनाभर सगळ्यांचं डोकं खाणारा माणूस. मग अस्वलापासून जीव वाचवायला रिव्हॉल्वर घेताना त्याने २००५चा अख्खा उन्हाळा घालवला, यात नवल काय! कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घरी जेवता जेवता तो बायकोला, शैलजाला, कुठली गोळी किती आत घुसते ते समजावत बसे. दुकानातलं सगळ्यात दांडगं रिव्हॉल्वर त्याने नेमबाजीच्या रेंजवर एकदा उडवलं आणि आठवडाभर मनगटाला बाम चोळला. शेवटी मधलं घेतलं. आता ते अस्वलाला पुरेल का, ही धाकधूक सुरू झाली.

"यार, इथली अस्वलं भित्री असतात," मित्र विक्रम म्हणाला. "टाळ्या वाजव, पळतात. फक्त खाणं तळावरच्या लॉकरमध्ये ठेव, वासाने येतात ती."

सप्टेंबरअखेर एका शनिवारी दोघं सिएरा पर्वताच्या जंगलात तंबू टाकायला निघाले. नेमकी त्याच दिवशी गिरीशच्या वडिलांची तिथी होती. शैलजाने खीर-वड्यांचा डबा दिला. "तिथे पान ठेव हं. बाबा उपाशी नकोत."

तळावर गिरीशने टूथपेस्टसुद्धा लोखंडी लॉकरमध्ये बंद केली. विक्रम मासे पकडायला गेल्यावर त्याने तंबूमागच्या खडकावर पान वाढलं, हात जोडले आणि कावळ्याची वाट बघत बसला. कावळा येईना. पान उचलायला मन धजेना. ते अन्न आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. ते बाबांचं पान होतं. तो तळ्यावर फिरून आला तेव्हा पान चाटूनपुसून लख्ख झालं होतं. बाबा जेवले म्हणून त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी अस्वल आलं. आधी थेट त्या खडकापाशी गेलं, हुंगलं, मग शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या टेबलाकडे वळलं. लोकांनी टाळ्या पिटल्या, भांडी बडवली, ते हलेना. गिरीशने रिव्हॉल्वर काढलं, पण पलीकडे माणसं होती, म्हणून झाडलं नाही. म्हाताऱ्याच्या दंडावर पंजा बसला, तेव्हा कुठे ते झाडीत गेलं.

जंगलाचा रेंजर आला. म्हणाला, माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल आता जिवंत सोडता येणार नाही. "कोणी खाणं बाहेर ठेवलं होतं का?"

गिरीशला खडकावरचं पान आठवलं. "नो सर," तो म्हणाला. "सगळं लॉकरमध्ये होतं." स्वतःच्या आवाजाची त्याला किळस आली.

थोड्या वेळाने झाडीतून एकच बार ऐकू आला.

घरी शैलजाने अस्वलाची हकीकत ऐकली आणि सुटकेचा श्वास टाकला. "बरं झालं, तुला गोळी झाडावी लागली नाही. बाबांच्या श्राद्धाला गेलेला तू, तुझ्या हातून जीव गेला असता." मग हळूच विचारलं, "पानाला कावळा शिवला का रे?"

"शिवला," गिरीश म्हणाला. "लगेच शिवला."