न मोडलेली काडी

माझ्या शेजारणीचा हात काही स्वस्थ बसत नाही. चिखलीच्या बाजारातल्या गप्पा सांगता सांगता हाती येईल ती काडी मोडते. उठून गेली की माझ्या ओट्यावर तुकडेच तुकडे!

नवऱ्यानं दुसरी आणली, तशी ही माहेरी आली. मग काडीमोड मागायला तो पंच घेऊन आला. काडी मोडली की बाई सुटी, अन् तिची पोटगीही सुटली. पंचांनी काडी पुढं केली. हिनं ती सरळ अंबाड्यात खोचली.

"पहिले माह्या पाटल्या आणा, पोटगी बांधून द्या. मंग पाहू!"

पाटल्या आल्या, पोटगीही येते. परवा मी म्हटलं, "आतातरी मोड वं ते काडी."

"काऊन? मोडली त पोटगी बी मोडन, मावशी!"

असं हसून सांगता सांगता तिनं माझ्या खराट्याची काडी मोडली.