बाळंतिणीच्या खोलीतला डबा

आठ वर्षांपूर्वी मी गावातली सर्वांत शहाणी बाई होते. ही पदवी माझी मीच घेतली होती, देणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या हिवाळ्यात कॉलेजातली एक मुलगी आमच्या कामठ्याकडच्या गावात घरोघरी प्लॅस्टिकचे छोटे डबे टांगत आली. आपल्या खालच्या खडकातून रेडॉन नावाचा वायू निघतो, म्हणाली. वास नाही, रंग नाही. जमिनीच्या भेगांतून घरात शिरतो, बंद खोलीत साचतो. वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. डबा तीन महिने हलवायचा नाही, मग तपासणीत कळेल.

घरातली सर्वांत बंद खोली बाळंतिणीची. सून तिथं बारा दिवसांच्या मुलीला घेऊन निजली होती. खिडकीत गोधडीचे बोळे मीच कोंबलेले, शेगडीवर ओव्याची धुरी. ती पोरगी उंबऱ्याबाहेर थांबली आणि माझ्या मुलानं डबा टांगला.

दुसऱ्या दिवशी सून न्हाणीत गेली तशी मी स्टुलावर चढले. दहा घरं फिरून आलेली वस्तू बाळाच्या डोक्यावर? आमच्याकडे सव्वा महिना त्या खोलीत बाहेरचं काहीच येत नाही. डबा काढून बाहेर सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, आड्याला भर वाऱ्यात टांगला. त्याच्या जागी हळदीची रिकामी डबी बांधली. धुरात कोण बघतं? तीन महिन्यांनी, ती पोरगी डबा न्यायला यायच्या आधी, पुन्हा अदलाबदल केली आणि दिवसभर स्वतःवरच खूश होऊन फिरले.

कागद आला: काळजीचं कारण नाही. मुलगा त्या खोलीत झरोका पाडणार होता, जमीन नव्यानं करणार होता. कागद पाहून दोन्ही राहून गेलं. नात तिथंच वाढली, प्रत्येक हिवाळ्यात दार-खिडकी लावून निजली. मला कागद आठवायचा, मी कूस बदलायची.

यंदा तपासणी पुन्हा झाली. डबा सुनेनं टांगला, आणि कागदावर त्या खोलीतला वायू फार जास्त निघाला. आठ वर्षांपूर्वी एवढा चांगला आणि आता असा कसा? घरात ठरलं की तेव्हाच्या त्या कॉलेजच्या पोरीनंच काम नीट केलं नव्हतं. मुलगा तर तिला आळशी म्हणाला. तिनं माझ्या हातचा चहा पिऊन तीनदा बजावलं होतं, हलवू नका. मी हातातला घास ताटात ठेवला. सगळं सांगून टाकलं, हळदीच्या डबीसकट. मुलगा आधी हसला, मग हसू थांबलं.

सुनेनं ताट बाजूला सारलं. "मले सांगायले आठ वर्षं लागली का तुमाले, आई?"

मी म्हटलं, "भेव वाटत होता." ते खरं होतं, पण अर्धंच. मला माझं शहाणपणही सोडवत नव्हतं.

आता भिंतीत झरोका आहे, जमिनीच्या भेगा बुजवल्या आहेत. कॉलेजातून कागद घेऊन आलेल्या सरांना मी विचारलं, माझ्या नातीचं काय झालं असेल? ते म्हणाले, असं एका पोरीचं सांगता येत नाही. धोका वर्षागणिक वाढतो, इथून पुढं कमी राहील. काही झालंच तर ते कळायला इतकी वर्षं लागतील की तोवर मी नसेन. एवढी सूट मला नको होती.

परवा नातीला सर्दी झाली. ती खोकली तेव्हा सून मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हती.