नुसता आकडा

इंटरनेटवरच्या, सगळ्यांनी मिळून भरायच्या नकाशात आमच्या गावच्या रेल्वेपुलाखालची उंची कुणीतरी नुसती ‘१२’ टाकली होती. एकक दिलं नाही की हा नकाशा मीटरच धरतो. म्हणजे पुलाखालून तीन मजली घर जाईल! लिहिणारा नक्की गावातलाच. इथे बारा म्हणजे फूट, हे कुणाला सांगावं लागतं? पण नकाशा बघणार परगावचा ट्रकवाला, आणि त्याच्या गाडीत वरपर्यंत रचलेला कडबा. मी पुढे ‘फूट’ जोडलं.

तेवढ्यात चहा करता करता बायकोने आतून विचारलं, “दोनच ना?”

“दोनच.”

ना साखरेचं नाव, ना चमच्यांचं. असा नुसता आकडा ऐकायला किती बरं वाटतं! पाहुण्यांना मात्र ती नीट विचारते, “साखर किती चमचे घालू?”

आमचं भांडण झालं, की मलाही.