पंप माझ्या घरचा

आधीच सांगून टाकते, माझं तोंड फटकळ आहे. तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. समोरचा चुकतोय असं वाटलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला थांबवायची खोड तिथंच जडली. घरात सगळ्यांना ती माहीत आहे आणि सगळे ती सोसतात. पण या खोडीपायी कुणाच्या हातचं वावर जाईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही मध्येच थांबवलं असतं.

निवृत्त झाल्यावर आम्ही चार-पाच जणांनी दौलताबादच्या किल्ल्याखाली एक काम सुरू केलं. ओळखीतल्या एका कुटुंबाची बारा-पंधरा एकर जमीन नुसती पडून होती. त्यांनी ती आम्हाला वापरायला दिली. तिचे आम्ही अर्ध्या-अर्ध्या एकराचे तुकडे पाडले. ज्याला विषाशिवाय शेती शिकायचीय पण जमीन नाही, किंवा जमीन आहे पण छातीच होत नाही, अशा नवशिक्याला दोन वर्षांसाठी एक तुकडा द्यायचा. विहीर, बियाणं, अवजारं सगळ्यांची मिळून, आणि शिकवायला मी. वाळूजच्या कंपनीतली नोकरी सोडून आलेला एक गडी होता, बँकेतून निवृत्त झालेलं जोडपं होतं, शहरात शिवणकाम करणाऱ्या दोन बहिणी होत्या. असे एकूण बारा जण. दोन वर्षं ज्याची नीट पार पडतील त्यातल्या एकाला बाजूची दोन एकर दहा वर्षं कसायला मिळणार होती.

त्या बारा जणांत एक धनगराची सून होती. तिशीची असेल. तिच्या घरात कुणी कधी स्वतःच्या वावरात पेरलेलं नव्हतं. मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचं, लोकांच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, त्यांच्या लेंड्यांवर लोकांचं पीक तरारायचं आणि यांनी तोवर पुढचं गाव गाठायचं. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "बाई, दुसऱ्याच्या वावराला खत घालण्यात माझ्या सासूचा जन्म गेला. मला एकदा आपल्या वावरात घालून बघायचंय." ती दोन एकर मिळाली असती तर तिच्या दोन्ही पोरींची शाळा एका गावात झाली असती. एवढंच तिला पाहिजे होतं, आणि ते ती येताजाता बोलून दाखवायची.

आणि काय हात होता तिचा! माती मुठीत धरून पाणी द्यायचं की नाही ते सांगायची. मी तिला चिडवायचे, "आता तूच शिकव, मी बसते घरी." ती पदर तोंडाला लावून हसायची. दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा ती दोन एकर तिचीच, हे सगळे धरून चालले होते.

आमच्या शेडच्या भिंतीवर मी स्वतः रंगानं नियम लिहिले होते. पहिला नियम: घरचा फवारणीपंप आत आणायचा नाही. कारण साधं आहे. घरच्या पंपातून कधीतरी तणनाशक मारलेलं असतं. पंप कितीही विसळा, नळीत आणि रबरात ते धरून बसतं. पुढं त्याच पंपानं टोमॅटोवर नुसतं पाणी मारलं तरी झाड पिळवटतं. प्रत्येक नव्या माणसाला मी हे फळ्यावर आकृती काढून समजावायचे.

दुसरी पद्धत बुधवारच्या फेरीची. दर बुधवारी सगळ्यांनी मिळून एकेकाचा तुकडा हिंडून बघायचा. विष मारल्याचा संशय आला तर प्रत्येकानं त्याच तुकड्यातलं एक ढेकूळ उचलायचं. माणूस राहावा असं वाटलं तर ढेकूळ बांधाच्या आत ठेवायचं, जावा असं वाटलं तर बाहेर. बाहेर जास्त झाली की तो माणूस त्याच दिवशी निघाला. कुणाला तोंडावर बोलून वाईट व्हायला लागू नये म्हणून ही युक्ती मीच काढली होती. तिचं मला लई कौतुक होतं.

त्या हिवाळ्यात आमच्या सामाईक पंपाचा वॉशर गेला. नेमकी तेव्हाच तिच्या टोमॅटोवर पांढरी माशी आली होती आणि दहा झाडपाल्यांचा दशपर्णी अर्क तयार होता. ती घाईला आली होती. मी रविवारी पाचोडला गेले. तिथं आमची घरची शेती आहे, धाकटे दीर बघतात. ओसरीतला त्यांचा निळा पंप मी गाडीत टाकला, हापशावर दोनदा विसळला आणि सोमवारी तिच्या हातात दिला. "घे, मार आजच्या आज." भिंतीवरचा माझाच नियम माझ्या पाठीमागं होता. मला तो आठवलासुद्धा नाही. नियम शिकणाऱ्यांसाठी असतात, माझ्या डोक्यात असंच काहीतरी असणार.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी आम्ही फेरीला निघालो आणि तिच्या बांधावर मी जागीच थांबले. सगळा टोमॅटो पिळवटलेला. शेंडे खाली वळलेले, पानं सुतळीसारखी बारीक झालेली, फळं वेडीवाकडी. हे कशानं होतं ते मला झोपेतही सांगता येईल. तणनाशक! जिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकला तिनंच असं करावं?

"काय मारलंस?" मी ओरडले.

"दशपर्णी, बाई. दुसरं काय नाय मारलं."

"मग हे काय आहे? मला डोळे नाहीत का?"

"बाई, तो पंप..."

"पंपाला काय झालंय? पंप माझ्या घरचाय!"

ती गप्प झाली. मागं अकरा जण उभे होते, तेही गप्प. मी एक ढेकूळ उचललं आणि बांधाच्या बाहेर ठेवलं. माझ्यामागून एकेक जण आला, वाकला, ढेकूळ उचललं आणि बाहेर ठेवून गेला. आत एकही नव्हतं. तिनं सगळी ढेकळं नीट बघितली, खोचलेला पदर सोडला, विळा पिशवीत टाकला आणि निघाली. रडली नाही. गेटापाशी वळून म्हणाली, "मी नाय मारलं, बाई." मी तोंड फिरवलं. दोन एकर त्या कंपनीवाल्या गड्याला मिळाली, कागद झाले.

महिन्याभरानं मी परत पाचोडला गेले. दीर बांधावर उभे राहून तोच निळा पंप भरत होते. शेजारी तणनाशकाचा डबा.

"भाऊजी, हे काय करताय?"

"गाजरगवत लई माजलंय, वहिनी. दुसरं काय."

"याच पंपानं?"

"व्हय. दोन वर्षं झाली, तणाचं औषध यातूनच मारतो. ओसरीत येगळा म्हणूनच टांगलेला असतोय. का वो?"

मी बांधावरच मटकन बसले. दीर घाबरले, पाणी घेऊन पळत आले. मला फक्त माझा स्वतःचा आवाज ऐकू येत होता. पंप माझ्या घरचाय! मी तो पुरावा म्हणून सांगितला होता. पुरावाच होता तो, फक्त माझ्या विरुद्धचा.

तिथूनच मी शिवणकामवाल्या बहिणींपैकी थोरलीला फोन लावला आणि घडलेलं सांगितलं. मला वाटलं, ती किंचाळेल. ती म्हणाली, "आम्हाला त्याच दिवशी शंका आली होती, बाई."

"आम्हाला म्हणजे?"

"सगळ्यांनाच. घरचा पंप तुम्हीच आणलावता ना. फेरीहून परतताना आम्ही बोललोसुद्धा आपसात."

"अगं मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या जोरात म्हणालात की. आणि ढेकूळच तर ठेवायचं होतं. बोलायचं कुठं होतं?"

पंपाचा धक्का मोठाच होता, पण हा त्याहून मोठा. अकरा माणसं. दोन वर्षं मी त्यांना सांगत होते, प्रश्न विचारा, माझंही खरं मानू नका. आणि अकराच्या अकरा जणांनी ती निर्दोष आहे हे मनात ठेवून ढेकूळ बाहेर ठेवलं. मला त्यांचा संताप आला. मग उमगलं, संताप करायचा हक्क मला राहिलेला नाही.

ती कुठं आहे ते शोधायला चार दिवस गेले. वैजापूरकडं एका गावात लाल कांदा निघाला होता, त्या वावरात तिच्या माणसांनी मेंढरं बसवली होती. मी गेले तेव्हा ती पालापुढं भाकरी थापत होती. धाकटी पोर शेजारी कांद्याच्या पातीशी खेळत होती. दुपारची वेळ, शाळेची.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती भाकरी थापतच राहिली. म्हटलं, आता शिव्या देईल. बरं होईल.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "फेरीच्या आदल्या दिवशी शेंडे वळलेले दिसले, तवा पंपाचं झाकण उघडून वास घेतलावता मी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "सांगतच व्हते की, बाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी माफी मागितली. दोन एकर आता दुसऱ्याच्या नावानं झालीय, ती परत आणता येणार नाही, हेही सांगून टाकलं. माझा स्वतःचा अर्धा एकर आहे तिथं, नमुन्याचा, काळीभोर माती. तो तुला देते म्हटलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तुमचा नको. माझाच द्या. त्यात माझ्या मेंढरांचं खत गेलंय."

तिचा तुकडा तसाच पडून होता, विष पडलेली जमीन म्हणून कुणी घेतला नव्हता. पण तिथं तिला परत पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार होती. ते तिला कळत होतं. "येते," ती म्हणाली. "पण तिथंच, सगळ्यांसमोर तुम्ही बोलायचं."

पुढच्या बुधवारी फेरी माझ्या तुकड्यावर आली. बाराही जण बांधावर. मी सांगितलं, घरचा पंप मी आत आणला, पीक माझ्यामुळं गेलं, आळ तिच्यावर घेतला. नियम सगळ्यांना एकच. घ्या ढेकळं.

आता खरं काय ते सांगते, कारण ते लपवलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटत होतं, कबूल केलं की झालं. कुणीतरी म्हणेल, जाऊ द्या बाई, चूक कुणाकडून होत नाही? आणि ते तीच म्हणेल, अशी माझी मनातून खात्री होती. तिला शोधत मी वैजापूरपर्यंत गेले होते ना!

कुणी हलेना. मग ती पुढं आली, वाकली, माझ्या मातीतलं एक ढेकूळ उचललं आणि बांधाच्या बाहेर ठेवलं.

ती हात झटकत उभी राहिली आणि बाकीच्यांकडं वळली. "आता मुक्यानं ठेवायचं नाय. कशापायी ठेवतो ते बोलायचं, मग ठेवायचं. माझं मी सांगते. बाईनं पंप आणला म्हणून नाय ठेवलं. पंप कुणाच्याबी हातून येईल. मी बोलत व्हते तवा बाईनं ऐकलं नाय, म्हणून ठेवलं."

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, अगदी जिभेवर. पण तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं, म्हणून मी गप्प उभी राहिले.