खळ, कात्री आणि शकूची बोटं

एका सकाळी शहापूरहून शकूच्या भाचीचा फोन आला. शकूला ती आक्का म्हणते. "मावशी, आक्का गेली… च्या पिली, कप खाली ठेवला आन् गेली." माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला, "कप कुणी धरलेला?" भाची गोंधळली. "तिनंच की! दुसऱ्याला हात लावू देती व्हय ती?" खोटं कशाला सांगू, फोन ठेवला तेव्हा मला रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं दोन-तीन दिवसांनी, मेथी निवडत बसले असताना. पण आधी वाटली ती सुटकाच. शकू ज्या गोष्टीला अर्धं आयुष्य घाबरली, ती शेवटपर्यंत घडली नाही.

बेळगावात कोर्टाजवळच्या बोळात आम्हा दोघींची टायपिंगची खोली होती. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी सदलग्याची, घरात निम्मं कन्नड निम्मं मराठी, म्हणून कन्नड मशीन माझ्याकडे. शकू बेळगावातल्याच शहापूर भागातल्या विणकराच्या घरातली. मराठी आणि इंग्रजी मशीन तिच्या ताब्यात. ताब्यातच म्हणायचं, कारण तिच्या मशीनला मी धूळ पुसायलासुद्धा हात लावलेला तिला चालत नसे. माणसं मजकूर टाईप करून न्यायची आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत यायची: हा परिच्छेद वर घ्या, तो खाली टाका. एक परिच्छेद हलला की अख्खं पान पुन्हा टाईप करायचं, आणि पुढच्या पानांचीही तीच गत. मी निमूट करायची. शकू आधी गिऱ्हाइकाला फैलावर घ्यायची, मग करायची.

पुढे, ऐंशीच्या सुमाराला, तिची बोटं सुजायला लागली. सकाळी आली की पहिल्यांदा गरम पाण्याच्या तांब्याला दोन्ही हात लावून बसायची. डॉक्टर संधिवात म्हणाले. तिचा थोरला भाऊ, आम्ही दोघी त्याला आप्पाच म्हणायचो, एकदा खोलीवर येऊन सांगून गेला, "दिवाळीला ही खोली बंद कर. घरात बसून खा. तुला काय कमी हाय?" बोलला तो मायेनंच. पण तो गेल्यावर शकूनं मशीनवर हात ठेवला. "आज बसून खा म्हणतोय, उद्या घास भरवाय येईल," ती म्हणाली. "बोटं गेली की मी गेले, पद्मा." आता पुन्हा टाईप करावं लागणारं प्रत्येक पान तिच्या बोटांना किती दिवस उरलेत ते ठरवणार होतं, आणि हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

नेमके तेव्हाच खानापूरचे एक प्राध्यापक भातशेतीवरचा प्रबंध घेऊन आले. सगळं टाईप होऊन बांधणीला जाणार, तोच त्यांच्या मार्गदर्शकांनी प्रकरणांची उलटापालट करायला सांगितली. मी डोक्याला हात लावला. शकूनं घरून आप्पाची कापड कापायची भलीमोठी कात्री आणली आणि टाईप केलेली पानं सरळ कापायला घेतली! परिच्छेदांच्या पट्ट्या केल्या, नव्या क्रमानं कोऱ्या कागदावर मांडल्या आणि चिकटवल्या. तेही डिंकानं नाही. डिंक लगेच धरतो, पट्टी वाकडी बसली की बसली. आप्पाच्या मागावर सुताला लावायला पिठाची खळ शिजवायचे, ती तिनं वाटीभर आणली. खळ ओली असेतो पट्टी सरकवता येते, पटलं नाही तर उचलताही येते. वर कडांना पांढरा रंग लावायचा, म्हणजे पुढे त्या पानाची झेरॉक्स काढली की कापल्याची काळी रेघ उमटत नाही. नवं टाईप करायला चार ओळीसुद्धा लागल्या नाहीत. शकू बोटांकडं बघून म्हणाली, "बसा आता गुमान."

पण आमचं शहाणपण तिथंच संपलं. झेरॉक्स न काढताच चिकटवलेली पानं कपाटात ठेवून आम्ही सणाला आपापल्या घरी गेलो. परत येऊन कपाट उघडलं, तर तळाशी सगळ्या पट्ट्या सुट्या पडलेल्या. झुरळांनी खळ चाटूनपुसून खाल्ली होती, आणि तोंडी लावायला थोडी भातशेतीही! मी पट्ट्या गोळा करायला घेतल्या. शकू पांढरीफटक. सगळं पुन्हा टाईप करायचं म्हणजे तिच्या हातांचा निकालच. तेवढ्यात कार्बन कॉपी आठवली. ती जुन्या क्रमाची होती, पण मजकूर तर शाबूत होता. पट्ट्या पसरून, कॉपीशी ताडून, आम्ही पुन्हा सगळं जुळवलं. कुरतडलेल्या ओळी तेवढ्या मी टाईप केल्या, तिच्या मशीनवर, तिच्या परवानगीनं. आप्पाला कळलं तेव्हा त्यानं आम्हाला वेड्यात काढलं. "खळीत मोरचूद घाटल्याबिगर कागद चिकटवत्यात व्हय? लई शिकलेल्या बाया तुमी!" त्या दिवसापासून झुरळांना विषारी अशा मोरचुदानं खळ निळसर झाली आणि शकूनं कायदा केला: मूळ पानाला कात्री लावायची नाही. आधी त्याची झेरॉक्स काढायची, ती कापून नव्या जागी लावायची, वाचून बघायची. सगळं नीट बसलं की मगच जुनं फेकायचं.

असं करत आम्ही ऐंशीचं दशक काढलं. दिवाळ्या आल्या-गेल्या, खोली चालू राहिली. शेवटी-शेवटी गावात कॉम्प्युटर क्लास निघाला. शकू म्हणाली, "झालं, आता आपलं दुकान उठलं." मी तिला ओढतच बघायला नेलं. शिकवणाऱ्या मुलीनं पडद्यावर इंग्रजी मजकूर काढला. कंट्रोलचं बटण दाबून के आणि बी: मजकूर इथून. के आणि के: इथपर्यंत. मग दुसऱ्या जागी जाऊन के आणि व्ही. परिच्छेद जागचा उठला आणि तिथं जाऊन बसला. शकू पुढं वाकली. "आन् जुन्या जागंला भोक?" मुलगी हसली. "न्हाय मॅडम, खालचं आपोआप वर येतंय."

शकूनं ते पुन्हा करायला लावलं. मग स्वतः केलं, वाकड्या बोटाच्या पेरानं बटण दाबून. आणि सगळ्या वर्गासमोर ती ढसाढसा रडली. "पद्मा… पुन्यांदा टाईप कराय नको गं." माझेही डोळे भरून आले. इतक्या वर्षांचं ओझं कुणीतरी आमच्या दोघींच्या खांद्यावरून उचलून बाजूला ठेवलं होतं.

आम्ही कॉम्प्युटर घेतला. आप्पा येऊन बघून गेला, तुटलेला दोरा यात जोडता येतो का म्हणून त्यानं विचारलं, आणि खोली बंद करायचं पुन्हा कधी काढलं नाही. शकूनं मात्र कायदा मोडला नाही. एका आज्ञेत परिच्छेद हलत असतानाही ती आधी त्याची कॉपी करायची, नव्या जागी वाचायची, आणि मग जुनं पुसायची. मी चिडवायची, "शकू, यात झुरळं नसतात गं." ती म्हणायची, "तुला काय ठाव?"

कात्री आता माझ्याकडे आहे. भाचीनं आणून दिली. अजून कापड सुतासारखं सरळ कापते. आणि मोबाइलमध्ये शकूचा शेवटचा संदेश आहे, ती गेली त्याच्या आदल्या दिवशीचा, एका बोटानं टाईप केलेला: "आज बोटं बरी हायत. च्या माजा मीच केला." परवा नातवानं फोन साफ करायला घेतला आणि तो संदेश दाखवून विचारलं, "आज्जी, हे जुनं पुसू?" मी म्हटलं, थांब. शकू नव्या जागी नीट बसल्याचं कळू दे आधी.