जास्तीची मूठ

गेल्या श्रावणात मी चौदापर्यंत मोजताना चुकलो. कालव्यातून किती पाणी सुटलं ते मोजून लिहिणं, हे पाटबंधारे खात्यात माझं सत्तावीस वर्षांचं काम. तेव्हा ही चूक आमच्या घरात पुढची वीस वर्षं तरी सांगितली जाणार. हसण्यासारखा भाग मी स्वतःच चारचौघांत सांगून टाकतो, म्हणजे उरलेलं कुणी विचारत नाही. ते उरलेलं इथे लिहितो आहे.

आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. बसते धुळ्याला, थोरल्या भावाच्या घरी. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि सोळा वर्षांची मुलगी, जळगावहून शुक्रवारीच निघतो. नारळाला नथ आणि डोळे लावून, लुगडं नेसवून देवी मांडतात, बायका गाणी म्हणतात, सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. पण सगळा जीव रोटात. शनिवारी सकाळी घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू ताटात टाकायचा, तो दळायचा, आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या नैवेद्याला करायच्या. तो रोट. भाऊबंदांखेरीज कुणी तो खायचा नाही. घरची मुलगी लग्न होईपर्यंत खाते, पुढे तिलाही चालत नाही.

मूठ मात्र पुरुषाचीच. भावाच्या आठ महिन्यांच्या नातवाची मूठ पडते. पुण्याच्या चुलतभावाची पडते, जो सहा वर्षांत इकडे फिरकलेला नाही आणि आरतीच्या वेळी फक्त मोबाइलवर दिसतो, तोही बहुधा गाडी चालवताना.

पारोळा मागे पडल्यावर मुलीनं फोनच्या वायरीचं कानातलं एक बोंडुक काढलं. एकच काढलं म्हणजे बोलणं थोडक्यातलं असतं, असा माझा अनुभव.

"पप्पा, यंदा माझी मूठ टाकाल?"

मी एका ट्रकला मागे टाकत होतो. निदान तसं दाखवत होतो.

"तुला देव मान्य नाही ना?" मी म्हणालो. "गणपतीत आरतीला उभी राहिली नाहीस. मग मूठ कशाला पाहिजे?"

"मान्य नाही असं कुठे म्हटलं मी? माहीत नाही असं म्हटलं. आणि मूठ देवीची थोडीच असते, घरातल्या माणसांची असते. पुण्याचे काका कुठे देव मानतात?"

हे खरं होतं, म्हणून मी विषय बदलला. "दिवसभर कानात ती रॅपची गाणी. काय काय शिव्या असतात त्यात. मी ऐकलंय एकदा. मुलींना शोभतं का ते?"

"आक्का कानबाईपुढे गाण्यात व्याह्याला काय काय म्हणते, ते ऐकलंय का? तिथं तर तुम्ही टाळ्या वाजवता."

बायको खिडकीबाहेरची कपाशी बघत होती. तिचे खांदे हलले. हसली असावी.

आक्का म्हणजे माझी आत्या. वय अठ्ठ्याहत्तर. लग्नानंतर चार वर्षांतच ती माहेरी परत आली. का ते घरात कुणी काढत नाही. तेव्हापासून धुळ्याच्या घरातच आहे. कानबाईची सगळी गाणी तिला पाठ, पण त्याआधीच्या हिवाळ्यात तिचा आवाज बसला तो उठलाच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या मुलीनं तिच्याजवळ बसून एकेक गाणं फोनमध्ये उतरवून घेतलं. खाली कसला तरी ठेका घालून ते मला ऐकवलंही होतं. मी "छान आहे, पण आवाज कमी कर" म्हणालो होतो. त्या वर्षी गाणी मुलीनंच पुढे होऊन म्हणायची, हे आक्कानंच ठरवलं होतं.

"म्हणजे गाणं मी म्हणायचं," मागून आवाज आला, "रांगोळी मी काढायची, ताटं मी वाढायची. आणि मूठ त्या बाळाची, जे गहू दिसला की नाकात घालतं."

"बघू."

"तुमचं 'बघू' म्हणजे काय ते मला पहिलीपासून माहितीये."

"अगं, भाऊशी बोलतो मी."

"नक्की?"

"नक्की."

तिनं बोंडुक परत कानात घातलं. आरशात बघितलं तर चेहऱ्यावर हसू होतं. ते बघून मला बरं वाटलं, आणि भाऊशी काय बोलायचं ते मी मनात जुळवू लागलो.

भाऊशी मी बोललो नाही. शुक्रवारी जेवताना पावसाचं निघालं. मग भावाच्या हाताचं निघालं. स्कूटर घसरून मनगट मोडलं होतं, प्लास्टर होतं. मग दिव्याखाली किडे फार झाले म्हणून सगळे उठले. मी योग्य वेळ शोधत होतो. मला ती कधी सापडत नाही.

शनिवारी सकाळी भाऊ म्हणाला, "माझा हात हा असा. यंदा मूठ तू भर."

एवढा मान मला त्या घरात पहिल्यांदाच मिळत होता. मी पाटावर बसलो. समोर पितळी ताट, बाजूला निवडलेल्या गव्हाचं सूप. वहिनी आणि बायको समोर बसल्या होत्या, आक्का भिंतीला टेकून. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी, वायर गळ्यात लोंबत होती. तिला वाटत होतं माझं बोलणं झालेलं आहे.

मी एकेकाचं नाव पुटपुटत मूठ टाकू लागलो. मूठ, मग सव्वा व्हावी म्हणून वर चिमूटभर. भाऊ, त्याचे दोघे, नातू, पुण्याचा, पाचोऱ्याचे तिघे, असं करत शेवटी माझी. चौदा झाल्या. आणि माझा हात पुन्हा सुपात गेला.

हे मी मुद्दाम केलं की हात आपला गेला, ते मला आजही सांगता येत नाही. ताटात गहू पडल्याचा आवाज मात्र मी ऐकला.

"पंधरा झाल्या की हो, भाऊजी," वहिनी म्हणाली.

"पंधरा कशा? चौदाच आपण," भाऊ म्हणाला. "पंधरावी कोणाची?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. दारातून मुलगीही. दोनच शब्द बोलायचे होते. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं:

"माझीच दोनदा पडली वाटतं."

भाऊ खो खो हसला. "कालव्याचं पाणी पण असंच मोजतो का रे? तरीच शेवटच्या शेताला कोरडं ठाक!" वहिनी हसली, पुतणे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

वहिनी म्हणाली एक मूठ काढून ठेवावी. आक्कानं भिंतीपासून मान उचलली. "राहू दे वो. कोनता दाना कोना शे, कसं वळखशी?" तेव्हा ताट तसंच उचलून चक्कीकडे गेलं. मी वर बघितलं तर दार रिकामं होतं.

रविवारी संध्याकाळी देवी मांडली. गल्लीतल्या बायका येऊन बसल्या. आक्कानं सुरुवात केली, दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला, तशी ती थांबली आणि माझ्या मुलीकडे बघून म्हणाली, "म्हन ना माय."

"नाही आक्का."

"काय व्हयनं?"

"काही नाही. मी नाही म्हणणार."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "कॉलेजला गेल्या ना आता, लाज वाटत असेल आपल्या गाण्यांची." मुलीनं तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ती खरंच रडते. ती गाणी तिनं दोन महिने घोकली होती.

भाऊ दारातूनच म्हणाला, "एकुलती एक म्हणून डोक्यावर बसवून ठेवलीस तू. पोरीच्या जातीला एवढा ताठा बरा नाही. उद्या सासरी गेली म्हणजे—"

"मोठे पप्पा, सासरी गेल्यावर मला रोट पण चालणार नाही ना? मग ताठा आत्ताच करून घेते."

एक पुतण्या फसकन हसला. भावाचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नाही. ही मुलगी जन्मली तेव्हा भर पावसात धुळ्याहून मोटारसायकलवर पेढे घेऊन आला होता. त्याला खरोखरच कळेना की कालपर्यंत त्याच्या मागे मागे फिरणारी पोर आज अशी का बोलते. मला कळत होतं.

"तू बोल ना रे तिला काही," तो मला म्हणाला.

आणि मी बोललो. "अगं, मोठ्यांशी असं बोलू नये." या वेळी तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. बायकांनी कसंबसं गाणं पुढे रेटलं. कुणाची ओळ कुणाला लागेना.

मग पंगत बसली. रोटाची पानं वाढली. आक्का नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला तिचं ताट घेऊन बसली: ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. ती या घराची लेक, पण लग्न झालेली. त्यामुळे इतकी वर्षं याच घरात राहून, इथलंच पुरण वाटून, रोटाच्या दिवसांत ती वेगळं खाते. मी लहानपणापासून हे बघत आलो. ताटात वेगळं काय आहे एवढंच बघितलं होतं, का आहे हे विचारलं नव्हतं.

मुलगी आपलं पान सोडून उठली आणि आत जाऊन तिच्या शेजारी बसली. मला पंगतीतून दोघींच्या पाठी दिसत होत्या.

"तू खा ना रोट. तुले चालस," आक्का म्हणाली.

"तुला कुठे चालतो? मग मलाही नको."

आक्कानं भाकरी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली. "मंग घे. पन तिखट शे."

माझ्या पानात पोळी होती. दोन मुठींचा धनी मी.

सोमवारी सकाळी ती ओट्यावर एकटी बसलेली दिसली. मी शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोललो. मग म्हणालो, "पंधरावी तुझी होती."

"माहितीये. बघत होते मी."

"मग एवढा राग कशाला?"

"तुम्ही सगळ्यांना सांगितलं की तुमचीच दोनदा पडली. म्हणजे तुमच्या दोन झाल्या, पप्पा. माझी एक पण नाही."

"मी आत्ता जाऊन सांगतो भाऊला."

"आता? दळून झालं, लाटून झालं, खाऊन पण झालं." तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला वडील होणं सोपं गेलं असतं. तिनं दोन्ही बोंडकं कानात घातली.

मी उठून आत गेलो. भाऊ मिरवणुकीच्या वाजंत्रीवाल्यांना फोन करत होता. मी थोडा वेळ त्याच्याजवळ उभा राहिलो आणि पाणी पिऊन परत आलो.

परतीच्या वाटेवर मुलगी मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. झोपली होती की नव्हती, देव जाणे. वायरीतून बारीक आवाज झिरपत होता. मी कान दिला तर तो आक्काचा होता, ठेक्यावर बसवलेला.

मी बायकोला म्हणालो, "तू तरी काही बोल. शनिवारपासून गप्प आहेस."

"काय बोलू? मोजायला चुकता येतं कुणालाही. पुढच्या वर्षी मूठ मी भरते, तुम्ही पोळ्या लाटा. दोन मुठींच्या किती होतात ते कळेल तुम्हाला."

मी हसलो. ती हसली नाही. एरंडोल येईपर्यंत ती बाहेरच बघत होती. मग मागे वळून मुलीकडे एकदा बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"मूठ माग म्हणून तिला मीच सांगितलं होतं. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, विचार तर खरं, तुझे पप्पा तसे नाहीत."